जिभेपासून टीडीएसच्या पेनापर्यंत

आजचा विषय आहे मोजमापाचा. धान्य आपण मापानं मोजतो, कापूस काट्यावर मोजतो. पण पाण्यात जे विरघळून जातं आणि डोळ्याला दिसत नाही, ते मोजायचं कसं?

हल्ली गावात पेनासारखं एक लहानसं यंत्र दिसू लागलं आहे. पाण्यात बुडवलं की आकडा दाखवतं. पाणी शुद्ध करायचं मशीन विकायला येणारा माणूस ते खिशातून काढतो, आपल्या माठातल्या पाण्यात बुडवतो आणि म्हणतो, "ताई, तुमच्या पाण्याचा टीडीएस सहाशे आहे." सहाशे म्हटलं की बाई घाबरते. हा आकडा कशाचा, तो कुठून आला, त्यातून काय कळतं आणि काय कळत नाही, हे ठाऊक असलं तर घाबरायचं कारण उरत नाही आणि गाफीलही राहता येत नाही. म्हणून आज आम्ही या यंत्राचं खानदान सांगणार आहोत. ते बरंच जुनं आहे, आणि त्यात आपल्या वऱ्हाडाचाही वाटा आहे.

यंत्रं नव्हती तेव्हा मोजणी नव्हती असं समजू नका. विहिरीचं पाणी गोडं, मचूळ की खारं, हे ओंजळभर पाणी तोंडात घेऊन बाया सांगत. तुरीची डाळ लवकर शिजत नसली तर दोष डाळीचा की पाण्याचा, हे दुसऱ्या विहिरीचं पाणी आणून बघत. कपड्याला कितीही साबण घासला तरी फेस धरत नाही, वर नुसती साय आल्यासारखी दिसते, ते पाणी जड. अशा पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात, हे रसायनशास्त्र नंतर आलं. गंमत अशी की प्रयोगशाळेनं आधी हीच साबणाची रीत उचलली. स्कॉटलंडमध्ये थॉमस क्लार्क नावाचे प्राध्यापक होते. १८४० च्या दशकात त्यांनी पाण्याचा जडपणा मोजायची पद्धत बसवली. साबणाचं ठरावीक द्रावण पाण्यात थोडंथोडं घालायचं, बाटली हलवायची, फेस टिकला की थांबायचं आणि किती द्रावण लागलं ते लिहून ठेवायचं. धुण्याच्या दगडावर बायांना जे कळत होतं, त्याला त्यांनी आकडा दिला.

स्वयंपाकघरात याहून बारीक मोजणी चालते. एकतारी पाक, दोनतारी पाक, गोळीबंद पाक. बोटाच्या चिमटीत पाक धरून तार किती लांब निघते हे बघायचं. म्हणजे पाण्यात साखर किती दाट झाली तेच मोजायचं. गुऱ्हाळावर गूळ करणारा काहिलीतला रस थंड पाण्यात टाकून गोळी होते का ते बघतो, तेही हेच. या मोजणीत एकच अडचण आहे. ती ज्याच्या बोटात आहे त्याच्यापाशीच राहते. धनजच्या बाईचं बोट कारंज्याच्या व्यापाऱ्याला पुरावा म्हणून दाखवता येत नाही. दोन अनोळखी माणसांना एकाच गोष्टीवर एकमत करायचं असलं की यंत्र लागतं.

अशा यंत्राचं आजवर मिळालेलं अगदी जुनं वर्णन एका बाईच्या नावे लिहिलेल्या पत्रात आहे. सोळाशे वर्षांपूर्वी, इसवी सन ४०० च्या सुमाराला, इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात हायपेशिया नावाची विदुषी गणित आणि खगोलशास्त्र शिकवत होती. सायनेसियस नावाचा तिचा एक शिष्य दूर राहत होता. त्यानं तिला लिहिलं की माझी स्थिती फार वाईट आहे, मला एक हायड्रोस्कोप हवा आहे, तू तो करवून घे. आणि कसा हवा तेही सांगितलं. बासरीएवढी गोल नळी, तिच्यावर उभ्या ओळीत खाचा, आणि एका टोकाला शंकूच्या आकाराचं वजन, म्हणजे नळी पाण्यात उभी राहील. ती किती बुडते ते खाचा मोजून कळेल. हे यंत्र हायपेशियानंच शोधून काढलं असं म्हणता येत नाही. पण असलं नाजूक काम नीट करवून घ्यायला त्या माणसाला सगळ्या ओळखीत एक बाईच आठवली, एवढं त्या पत्रावरून नक्की कळतं. पुढे ४१५ साली हायपेशियाला जमावानं ठार मारलं. पत्र मात्र टिकलं.

ही नळी काम कशी करते ते घरी बघता येतं. ताजं अंडं साध्या पाण्यात टाका, तळाला जातं. त्याच पाण्यात मीठ विरघळवत जा, एक वेळ अशी येते की अंडं वर येतं. पाण्यात मीठ, साखर असं काही विरघळलं की पाणी जड होतं, आणि जड पाणी वस्तूला जास्त उचलून धरतं. तळाशी वजन असलेली काचेची नळी घेतली तर ती साध्या पाण्यात खोल बुडते आणि दाट पाण्यात वर राहते. नळीवर रेघा मारल्या की झालं यंत्र.

अवघड काम होतं रेघा ठरवायचं. प्रत्येकानं आपापल्या रेघा मारल्या तर एकाचा दहा दुसऱ्याचा पंधरा होईल. १७६८ साली पॅरिसमधले औषधं बनवणारे अँटवान बोमे यांनी सोपी युक्ती काढली. शुद्ध पाण्यात नळी जिथवर बुडेल तिथे शून्य. पंधरा भाग मीठ आणि पंच्याऐंशी भाग पाणी घेऊन केलेल्या द्रावणात जिथवर बुडेल तिथे पंधरा. मधल्या अंतराचे सारखे भाग. मीठ आणि पाणी कुठेही मिळतं, म्हणून हे माप कुठेही तपासून बघता येतं. बोमेची ही डिग्री मिठागरात आजही चालते. समुद्राचं पाणी साधारण तीन डिग्रीचं असतं. ते उन्हात आटत आटत पंचविसाच्या जवळ आलं की मिठाचे खडे धरू लागतात. तिशीच्या आसपास गेलं की कडवट क्षार मिठात मिसळू लागतात, म्हणून त्याआधी पाणी काढून टाकावं लागतं. कोकणातला जुना आगरी माणूस हे पाण्याच्या रंगावरून सांगे, नळी तेच आकड्यात सांगते.

आता मीठ आलंच आहे तर आपल्या मुलखाकडे वळू.

कारंजा तालुक्याला लागून मूर्तिजापूर तालुका आहे आणि तिथून पुढे पूर्णा नदीचं खोरं सुरू होतं. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला हा खारपाणपट्टा. आपल्याकडे जमिनीखाली काळा पाषाण आहे. तिकडे नदीनं आणून टाकलेल्या गाळाचे जाड थर आहेत, पाण्याचा निचरा मंद आहे आणि त्या थरांतल्या पाण्यात क्षार साठलेले आहेत. विहीर खोदली की पाणी लागतं, पण ते पिता येत नाही. आपल्या भागातल्या कितीतरी लेकी त्या पट्ट्यात दिलेल्या आहेत. माहेरचं पाणी गोड का लागतं हे त्यांना कोणी समजावून सांगावं लागत नाही.

या खाऱ्या विहिरींचं पाणी आटवून एके काळी मीठ काढत असत. अकोल्याजवळचं दहीहांडा हे गाव त्यासाठी ओळखलं जाई. शिवाय समुद्राचं मीठ बैलांच्या पाठीवर लादून बंजाऱ्यांचे तांडे आणत. आपल्या वाशीम जिल्ह्यातलं पोहरादेवी हे आज बंजारा समाजाचं मोठं श्रद्धास्थान आहे. लमाण हा शब्द लवणावरून, म्हणजे मिठावरून आला असं पुष्कळ जण मानतात. १८६७ साली मुंबईहून नागपूरपर्यंत आगगाडी आली आणि मिठाचा बैल हळूहळू थांबला.

इंग्रज सरकारला मिठात मोठं उत्पन्न दिसलं. मिठावर कर बसवला आणि करचुकवेगिरी थांबवायला मुलखातून जकातीची लांबलचक रेघ आखली. तिच्या मोठ्या भागावर काटेरी झाडांचं कुंपणच लावलं होतं, ते खाली बऱ्हाणपूरपर्यंत आलं होतं. १८७९ साली ही रेघ मोडली, कर मात्र राहिला. आपल्या विहिरीच्या पाण्यापासून मीठ काढणं हा गुन्हा ठरला. ६ एप्रिल १९३० ला गांधीजींनी दांडीला मीठ उचललं तेव्हा वऱ्हाडात समुद्र कुठला? पण खाऱ्या विहिरी होत्या. त्याच महिन्यात वऱ्हाडातल्या सत्याग्रहींनी दहीहांड्याला जाऊन तिथल्या पाण्याचं मीठ केलं आणि कायदा मोडला. ज्या पाण्याला लोक आयुष्यभर नावं ठेवत आले, त्याच पाण्यानं त्या दिवशी वऱ्हाडाला सत्याग्रहात उभं केलं.

यावरून एक गोष्ट लक्षात येते. पाण्यात काय विरघळलं आहे याच्या मोजणीवर नेहमी कोणाचा ना कोणाचा पैसा उभा असतो. कधी सरकारचा, कधी व्यापाऱ्याचा, कधी आपला.

दुधाचंच बघा. संकलन केंद्रावर दुधात काचेची नळी सोडतात आणि म्हणतात, आज डिग्री कमी लागली. तो लॅक्टोमीटर, बोमेच्या नळीचाच भाऊबंद. दुधातली साखर, प्रथिनं आणि क्षार यांमुळे दूध पाण्याहून जड असतं. पाणी घातलं की ते हलकं होतं आणि नळी जास्त बुडते. पण दुधातली साय पाण्याहून हलकी असते. साय काढून घेतली की दूध उलट जड होतं. मग कोणी आधी साय काढली आणि मागून पाणी घातलं तर नळीचा आकडा जसाच्या तसा. साखर किंवा मीठ टाकलं तरी नळी फसते. म्हणूनच १८९० च्या सुमाराला दुधातलं फॅट वेगळं मोजायच्या रीती निघाल्या आणि आज आपल्याकडे गायीच्या दुधाचा भाव साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफ अशा दोन आकड्यांवर बोलतात. एका आकड्यानं भागलं नाही म्हणून दुसरा आला.

उसाचंही तसंच झालं. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या अडॉल्फ ब्रिक्स यांनी साखरेच्या द्रावणासाठी माप बसवलं. शंभर ग्रॅम द्रावणात वीस ग्रॅम साखर असली तर वीस ब्रिक्स. १८७० च्या दशकात येना गावच्या एर्न्स्ट अबे यांनी प्रकाश किती वाकतो त्यावरून मोजायचं यंत्र केलं. त्याची धाकटी बहीण म्हणजे आज द्राक्षाच्या मळ्यात खिशात असते ती दुर्बिणीसारखी नळी. रसाचे दोन थेंब काचेवर टाकायचे, उजेडाकडे धरायचं, आतली रेघ वाचायची. पण ब्रिक्समध्ये साखरेबरोबर रसात विरघळलेलं बाकीचंही मोजलं जातं. म्हणून साखर कारखान्यात खरी साखर किती हे बघायला पोलॅरिमीटर हे वेगळं यंत्र असतं, आणि दोन्ही आकड्यांची तुलना करून रसाची शुद्धता काढतात. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, त्यानंतर गेल्या सत्तर वर्षांत महाराष्ट्रातल्या लाखो शेतकऱ्यांच्या उसाचा भाव अशा आकड्यांशी बांधला गेला आहे.

आता येऊ टीडीएसच्या पेनाकडे. त्याची जात वेगळी. ते जडपणा बघत नाही, वीज बघतं. मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे विजेचा भार असलेले कण होतात आणि त्या पाण्यातून वीज सहज जाते. जर्मनीतल्या फ्रेडरिक कोलराऊश यांनी १८७० च्या दशकात पाण्यातून वीज किती जाते हे नेमकं मोजायची रीत बसवली. १८८४ साली स्वीडनच्या स्वांटे अऱ्हेनियस या तरुणानं त्यामागचं कारण आपल्या प्रबंधात मांडलं. विद्यापीठानं त्याला जेमतेम उत्तीर्ण केलं. त्याच कामासाठी १९०३ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळालं. आपल्या पेनाच्या टोकाला धातूचे दोन बारीक काटे असतात. त्यांच्यामधून वीज किती जाते ते पेन मोजतं, तिला ठरलेल्या आकड्यानं गुणतं आणि 'एका लिटरला इतके मिलिग्रॅम क्षार' असा अंदाज दाखवतं. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सगळ्या पदार्थांची बेरीज. पेन ती बेरीज वजन करून काढत नाही, विजेवरून ताडतं.

हे पटवून घ्यायचं असेल तर दोन ग्लासांचा प्रयोग करा. दोन्हीत सारखंच पाणी घ्या आणि पेनाचा आकडा लिहा. एकात चिमूटभर मीठ विरघळवा, आकडा शेकड्यांनी चढेल. दुसऱ्यात चमचाभर साखर विरघळवा. आकडा जवळजवळ तिथेच राहील. सरबत झालं तरी पेनाला पत्ता नाही, कारण साखरेतून वीज जात नाही. गढूळ पाण्यातली माती त्याला दिसत नाही. जंतू तर मुळीच दिसत नाहीत. हगवण लावणारं पाणीही पेनावर दीडशे दाखवू शकतं.

आणखी एक गोष्ट. बेरीज सांगितली म्हणजे तीत कोण कोण आहे हे कळत नाही. पिण्याच्या पाण्यात फ्लोराईड एका लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर नको, दात आणि हाडं बिघडतात. समजा तीनशे टीडीएसच्या पाण्यात तीन मिलिग्रॅम फ्लोराईड आहे. पेन तीनशेच दाखवणार आणि आपण म्हणणार, पाणी चांगलं. नायट्रेट पंचेचाळीस मिलिग्रॅमच्या वर गेलं तर सहा महिन्यांच्या आतल्या, बाटलीनं दूध पिणाऱ्या बाळाला ते जिवावर बेतू शकतं. विहिरीशेजारी उकिरडा असला किंवा शेतातलं युरियाचं पाणी झिरपत असलं तर नायट्रेट वाढतं. ते जिभेलाही कळत नाही आणि पेनही त्याचं नाव सांगत नाही.

मग पेन टाकून द्यायचं का? नाही. त्याला जे कळतं ते आपल्या फार उपयोगाचं आहे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा टीडीएस पाचशेपर्यंत असावा, आणि दुसरं पाणीच मिळत नसेल तर दोन हजारांपर्यंत चालतो. म्हणजे सहाशे हा आकडा ऐकून घाबरायचं नाही. पाचशेच्या आत टीडीएस असलेल्या ठिकाणी क्षार काढणाऱ्या आरओ मशीनची गरज नाही, असं राष्ट्रीय हरित लवादानंही २०१९ साली म्हटलं आहे. त्या मशीनमधून पिण्याच्या पाण्याबरोबर पुष्कळ पाणी वायाही जातं. खारपाणपट्ट्यातल्या आपल्या लेकीचा प्रश्न वेगळा. तिथे विहिरीचा आकडा हजारांत गेला तर तो खरा इशारा आहे, आणि गोड्या पाण्याची नळयोजना मागायला तोच आकडा हाताशी धरता येतो.

शेतीलाही पेन कामाचं आहे. पाण्यातून वीज किती जाते याला ईसी म्हणतात. माती परीक्षणाच्या पत्रिकेतही ईसी लिहिलेला असतो. सिंचनाच्या पाण्याचा ईसी २.२५ च्या वर गेला तर ते फार खारट धरतात. कपाशी खारेपणा बऱ्यापैकी सोसते, संत्र्याचं झाड सोसत नाही. नवी बोअर घेतली की बाग लावायच्या आधी एकदा आकडा बघितलेला बरा.

काही विक्रेते पेनाबरोबर दुसरंही एक यंत्र दाखवतात. दोन ग्लासांत दांड्या सोडतात आणि वीज लावतात. तुमच्या पाण्याचा पिवळा-काळा गाळ होतो, त्यांच्या मशीनचं पाणी स्वच्छ राहतं. बघणाऱ्याला वाटतं, हा गाळ आपण रोज पितो. खरं तर तो गाळ दांड्यांच्या लोखंडाचा असतो. आपल्या पाण्यात क्षार असल्यानं वीज वाहते, लोखंड झिजतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. त्यांच्या पाण्यात क्षारच नसतात, म्हणून वीज वाहत नाही. मशीनच्या त्या पाण्यात त्यांच्याच समोर चिमूटभर मीठ टाकून बघा. तेही तसंच काळं होईल.

आता जंतू, फ्लोराईड, नायट्रेट यांचं काय? त्यासाठी वेगळी तपासणी आहे आणि ती गावातच होते. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायांना पाणी तपासायला शिकवायचं ठरलं आहे. त्यांच्या पेटीत लहान बाटल्या असतात. पाण्यात थेंब टाकून रंग बघायचा आणि तक्त्याशी ताडून वाचायचं. जंतूंसाठी एक बाटली असते, तीत पाणी भरून ऊबदार जागी ठेवायचं. काळं पडलं तर ते पाणी उकळल्याशिवाय किंवा क्लोरिन टाकल्याशिवाय प्यायचं नाही. शंका आली तर पाणी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवायचं आणि अहवाल कागदावर मागायचा. आपल्या गावातल्या या पाच जणी कोण, हे ग्रामपंचायतीत विचारून घ्या. नावं नसतील तर ग्रामसभेत विचारा. कोणी पुढे येत नसेल तर आपण पुढे येऊ.

आणि एक वही करा. आपल्या विहिरीचा, हातपंपाचा, नळाचा आकडा महिन्यातून एकदा लिहा. पेन आधी स्वच्छ पाण्यानं धुवायचं, पाणी गार झाल्यावर मोजायचं, तारीख टाकायची. मे महिन्यात पाणी आटलं की आकडा किती चढतो आणि पावसाळ्यानंतर किती उतरतो, हे दोन वर्षांत कळेल. एखाद्या महिन्यात आकडा एकदम बदलला तर पाण्यात बाहेरून काहीतरी येऊन मिसळलं असं समजायचं आणि तपासणीची पेटी काढायची. कर घेणाऱ्यानं आपल्या सोयीसाठी मोजलं, विकणाऱ्यानं त्याच्या सोयीसाठी मोजलं. ही वही आपल्या पोरांसाठी असेल, आणि विक्रेता पुढच्या वेळी दारात आला की ती आधी त्याच्यापुढे ठेवता येईल.